मागून आलेली हाक

मावशीचं आधी सांगते. माझं सांगायला लागले की मन भरकटतं, आणि मग तिचं राहून जाईल. गारखेड्यात एका गल्लीत तिची खानावळ आहे. स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणारी पोरं-पोरी, दोन-चार कंपनीतली माणसं, एक रिटायर मास्तर असे साठेक जण दोन्ही वेळा जेवतात. ती माझ्या नात्यात कुणी नाही. सगळे तिला मावशी म्हणतात म्हणून मीही म्हणते. तिनं मला भाकरी थापायला शिकवली, माळ्यावर झोपायला जागा दिली, आणि मला जे ऐकू येतं त्याच्यासकट ठेवून घेतलं. पहिल्या दोन गोष्टी दुसऱ्या कुणीही केल्या असत्या. तिसरी कुणी केली नसती, हे मला माहीत आहे, कारण तिच्या आधी कुणी केली नव्हती.

मला आवाज येतात. माणसांचे. समोर कुणी नसताना. हे एका ओळीत लिहिलं आणि उठून मोरीत हात धुऊन आले. हात स्वच्छच होते. आता पुन्हा बसते.

मी भंडाऱ्याकडची. आमच्याकडं भात, इकडं ज्वारी. शाळा सातवीत सुटली, कारण आठवीचा वर्ग दुसऱ्या गावी होता आणि घरी कामाला माणूस लागत होतं. एकोणीस वर्षांची असताना रोवणीच्या वेळी पहिल्यांदा ऐकू आलं. आम्ही बायका ओळीनं वाकून रोपं लावत होतो. मागून कुणीतरी मला घरच्या नावानं हाक मारली. मी वळले. मागं नुसतं पाणी आणि आत्ताच लावलेली रोपं. मी "ओ" म्हणाले होते, त्यामुळं सगळ्या हसल्या. पुढच्या आठवड्यात हसणं बंद झालं, कारण मी रोज "ओ" म्हणत होते.

आईनं ठरवलं की ती माझी तळ्यात बुडून मेलेली आत्या आहे. आत्याला मी पाहिलंही नव्हतं. देवऋषी आला, लिंबं कापली, मिरच्यांचा धूर केला. खोकून खोकून मी बेशुद्ध पडले तर तो म्हणाला, "गेली." ती कुठं गेली? उलट आणखी दोघं आले. एक बाई, सारखी कुरकुर करणारी. आणि एक पुरुष, जो हुकूम सोडतो. दुसऱ्यांदा देवऋषीनं झाडूनं मारलं. आई दाराशी बसून रडत होती, आणि तिला वाटत होतं की मार आत्याला लागतोय. मी आईला दोष देत नाही. तिच्याजवळ तेवढंच कारण होतं, त्या कारणाला तेवढंच औषध होतं.

चुलत बहीण बिडकीनला कंपनीत पॅकिंगच्या कामाला होती. तिच्या मागं लागून मी इकडं आले. चार महिने बरे गेले. मग तो पुरुष म्हणायला लागला, "खोका उघड. आत माल नाही." मी चिकटपट्टी लावलेले खोके पुन्हा फोडून बघायची. प्रत्येक खोक्यात माल असायचा. सुपरवायझर म्हणाले, "ताई, तुमच्याकडून नाही होणार." बहीण लग्न होऊन पुण्याला गेली. मी घरी कळवलं नाही. ओळखीच्या एका बाईनं सांगितलं, गारखेड्यात खानावळीला भाकरीवाली पाहिजे. मी जन्मात ज्वारीची भाकरी केली नव्हती. मावशीनं माझी पहिली भाकरी उचलून उजेडात धरली आणि म्हणाली, "हिच्यातून रस्ता दिसतोय की गं. लई लांबून आलेली दिसती." मग पीठ कसं मळायचं ते दाखवत बसली.

खानावळीत हुकूम ओरडूनच येतात. स्वयंपाकघर आणि जेवायची खोली यांच्यामध्ये भिंतीला एक खिडकी आहे. पिशोरचे एक काका वाढायला आहेत, साठीचे, आवाज खणखणीत. "तीन भाकरी!" "एक भात!" "आमटी संपली!" आता मला सांगा, माझ्यासारखीनं अशा ठिकाणी काय करायचं? काका ओरडायचे तीन भाकरी आणि तो माझ्या कानातला ओरडायचा पाच. मी आठ करायची. कुरकुरी बाई म्हणायची, वाया घालवलंस, आता काढणार तुला. मी घाबरून हात आवरते घ्यायची, तर खरी मागणी राहायची. एकदा मी दोन भाकऱ्या घेऊन स्वतःच बाहेर गेले आणि कोपऱ्यातल्या टेबलावर ठेवल्या. टेबलाशी कुणी बसलेलंच नव्हतं. पोरं बघत राहिली. काका म्हणाले, "उंदरासाठी का?" सगळे हसले. मीही हसले, आणि आत येऊन पिठाच्या डब्यामागं बसले.

मावशी आली. तिचे गुडघे दुखतात, पण खाली बसली.

"कोण मागत होतं भाकरी?"

मी डब्याचं झाकण पदरानं पुसत राहिले.

"अगं, मला राग नाय आला. इचारते. कोण मागत होतं?"

मी सांगितलं. सगळं. आत्या, झाडू, खोके. सांगताना मला खात्री होती की हे झालं की पेटी भरायची. ती ऐकत राहिली आणि मग म्हणाली, "म्हणजे कानात भाडेकरू हायेत. किती जण?"

"तीन."

"भांडतात?"

"भांडतात."

"त्यांना ठेवायचं का हाकलायचं, ते तुझं तू आन् डाक्टर बघा. पण ह्या स्वयंपाकघरात हुकूम माझा चालतो. त्यांचा नाय." उठता उठता ती म्हणाली, "आमच्या सासऱ्यानं दीक्षा घेतली त्या दिवशी घरातला देवऋषी बंद केला. तेव्हापासून आमच्यात दुखलं-खुपलं की दवाखाना. सोमवारी जाऊ."

आणि त्याच दुपारी तिनं नियम घातला. काकांनी ओरडायचं, मी तेच परत ओरडायचं, आणि काकांनी "व्हय" म्हणायचं. व्हय आल्याशिवाय भाकरी थापायची नाही. कानातल्यांना उलट उत्तर द्यायची सवय नव्हती. मी "पाच भाकरी?" विचारलं की ते गप्प व्हायचे. दोन आठवडे मला वाटलं, सुटले.

मग एक दिवस मी "पाच भाकरी?" म्हणाले आणि तो पुरुष शांतपणे म्हणाला, "व्हय."

माझ्या हातातला गोळा खाली पडला. तो शिकला होता. मी मावशीकडं पळत गेले. ती शेंगदाणे कुटत होती. तिनं मुसळ थांबवलं, थोडा विचार केला आणि काकांना हाक मारली. "आजपासून जितक्या भाकरी, तितकी बोटं खिडकीतून दाखवायची. तोंडानं बी सांगायचं, बोटं बी दाखवायची."

काका वैतागले. "मावशी, माझ्या हातात ताटं असतात. बोटं कुठली दाखवू?"

"मग ताट ठेवा, बोटं दाखवा. त्याला आवाज हाय, बोटं नायत."

काका माझ्याकडं वळून म्हणाले, "तुझ्या पाव्हण्यांपायी मला शाळेतल्यावानी बोट वर करावं लागतंय बघ." पण त्या दिवसापासून एकदाही चुकले नाहीत. भाताला मूठ, आमटीला उताणा तळहात. आणि मी स्वतःपुरता एक नियम ठरवला, जो कुणाला सांगितला नाही: खिडकी समोर आहे, तर जे खिडकीतून समोर येतं ते माझं. पाठीमागून जे येतं ते माझं नाही. त्याच्याकडं वळायचंही नाही. पाठीमागं मागचं दार, तिथून भाजीवाला आणि मांजर यांच्याशिवाय कुणी येत नसे, आणि भाजीवाल्याशी मावशी बोलायची.

सरकारी दवाखान्यात सोमवारी लांब रांग असते. डॉक्टर ताई तरुण होत्या. त्यांनी माझ्या त्रासाला एक नाव दिलं आणि गोळ्या दिल्या. गोळ्यांनी तोंड कोरडं पडतं, सकाळी डोकं जड असतं, पण आवाज लांब गेले. रस्त्यावरून कुणी बोलत जावं तसे. डॉक्टर ताई म्हणाल्या, मेंदूच स्वतःशी बोलतो आणि त्याला ते बाहेरचं वाटतं. मी म्हणाले, "मग तो पुरुषाच्या आवाजात का बोलतो? मी तर बाई आहे." त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, "हे आम्हालाही पूर्ण कळलेलं नाही." मला त्यांचं ते वाक्य आवडलं. तोवर मला भेटलेल्या प्रत्येकाला सगळं कळलेलं होतं.

रांगेत मी बाकीच्यांना विचारायला लागले. तिथं विचारता येतं. एक बाई म्हणाली, शेजारच्यांनी भिंतीत मशीन बसवलंय, ते माझ्या घरातलं बोलणं रेकॉर्ड करून मला परत ऐकवतात. तिनं भिंत दोन ठिकाणी फोडली होती. तिचे डोळे बघून मला भीती वाटली, कारण खोके फोडताना माझे डोळे तसेच असणार. आणि एक म्हातारे चाचा होते, पांढरी टोपी, हातात कापडी पिशवी. त्यांना त्यांची वारलेली बायको ऐकू यायची.

"चार साल हो गए बेटा, रोज बोलती. चश्मा किधर रक्खा, वोइच बताती."

"आणि खरंच तिथं असतो चष्मा?"

"नै रे. जिंदी थी तब भी गलतइच बताती थी."

मी इतकी हसले की रांगेतले लोक बघायला लागले. चाचा गोळी अर्धीच घ्यायचे. पूर्ण घेतली की ती बोलेनाशी होते म्हणे. डॉक्टर ताईंना त्यांनी ते सांगून टाकलं तेव्हा ताई आधी रागावल्या, मग खुर्ची ओढून त्यांच्याशी बराच वेळ बोलत बसल्या. काय ठरलं ते मला माहीत नाही.

परत येताना रिक्षात मी हाच विचार करत होते. एकाला बायको, एकीला मशीन, आईला आत्या, डॉक्टरांना मेंदू. ऐकू येणं जवळपास सारखंच, पण ज्याला जे कारण मिळतं तसं त्याचं पुढचं आयुष्य होतं. चाचा त्या आवाजाबरोबर चहा पितात, ती बाई भिंत फोडते. आणि मी? माझं कारण अजून पक्कं नाही. एवढं मी पाहिलंय की झोप झाली नाही किंवा घरून फोन आला की ते वाढतात. आणि ते नेहमी मला आधीच वाटणारी भीतीच बोलून दाखवतात. माझीच काळजी दुसऱ्याचा गळा घेऊन बोलते, असं मला वाटतं. रोज नाही वाटत. काही दिवशी तो पुरुष खराच वाटतो.

आता ज्याच्यासाठी लिहायला बसले ते.

पुण्याच्या बहिणीला मी फोनवर सगळं सांगितलं होतं. तिच्याकडून घरी कळलं की मी कंपनीत नाही, कुठल्यातरी खानावळीत आहे आणि सोमवारी वेड्यांच्या रांगेत बसते. गेल्या भाद्रपदात, भर दुपारच्या गर्दीत, माझा मोठा भाऊ आला. न कळवता. रात्रभराचा प्रवास करून. गल्लीत विचारत विचारत तो पुढच्या दाराऐवजी मागच्या दाराला आला.

मी तव्यासमोर. पाठ दाराकडं. मागून हाक आली, माझ्या घरच्या नावानं. ती पहिली हाक, रोवणीतली, तिच्यात आणि हिच्यात तसूभर फरक नव्हता. सकाळची गोळी घेतली होती का, ते आठवायला लागले. पुन्हा हाक. मी भाकरी उलटली. तिसऱ्यांदा हाक आली तेव्हा मी वळले नाही, पण मोठ्यानं म्हणाले, "बोटं दाखव."

मी पुढचा गोळा हातात घेतला.

"बोटं नाहीत ना? मग जा. मला काम आहे."

"आवो, मी हाय नं!" मागून आलं. "काय बोलून रायली तू? मी किती वेळचा हाका मारून रायलो!"

कानातला पुरुष म्हणाला, हा तुझा भाऊ नाही. बाई म्हणाली, भाऊ आला असता तर पुढच्या दारानं आला असता. आणि मी, माझी शपथ, मी त्या दोघांचं खरं मानलं. शहाणपणानं. नियमानं. खांद्यावर हात पडला तेव्हा मी किंचाळले आणि भाकरी तव्यावरून खाली.

भावाचा चेहरा मी विसरणार नाही. त्याला वाटलं होतं, बहीण थोडी बिघडली असेल. आता त्यानं डोळ्यांनी पाहिलं की बहीण सख्ख्या भावाला ओळखत नाही, हवेला बोटं दाखवायला सांगते. "चाल," तो म्हणाला. "आत्ताच चाल. सामान घे. पाचची गाडी हाय." आईनं अमावस्येला त्याच देवऋषीला बोलवून ठेवलं होतं. या वेळी तीन दिवस ठेवायचं होतं, त्याच्याच घरी.

खरं बोलायला गेलं तर त्याला सांगावं लागलं असतं की तू आवाज आहेस असं मला वाटलं. ते सांगितलं तर तो थांबला असता का?

मावशी पदराला हात पुसत आली. तिनं त्याला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "भाऊ ना? नाक सारखंच हाय. रात्रीपास्नं जेवला नसशील."

"जेवाले नाई आलो मी."

"ही खानावळ हाय. हितं येणारा माणूस जेवतोच. बस पुढं जाऊन."

तो नाइलाजानं बाहेर जाऊन बसला. काकांनी ताट वाढलं, पण त्यात भाकरी नव्हती. मावशी खिडकीतून त्याला म्हणाली, "भाकरी तू माग. तिच्याकडून."

तो कावला. "दे नं व दोन भाकरी!"

मी आतून म्हणाले, "दोन भाकरी?"

तो नुसता बघत राहिला. काका त्याच्या कानाशी वाकून म्हणाले, "पाव्हणं, दोन बोटं वर करा आन् व्हय म्हणा. नायतर उपाशी राहाल. मी बी दोन वर्षं झाली, असंच करतोय." आजूबाजूची पोरं हसली. त्यातल्या एकीनं आपला हात वर केला, तीन बोटं, "मला पण ताई, तीन!" मी विचारलं, "तीन?" ती म्हणाली, "व्हय!" आणि तिला भाकरी गेली. सगळी खोली रोज हे करते, तिथं कुणाला त्यात काही वेगळं वाटत नव्हतं. भावानं हळूच दोन बोटं वर केली. म्हणाला, "हो... व्हय."

मी दोन भाकऱ्या थापल्या. बाहेर नेऊन त्याच्या ताटात वाढल्या आणि समोर उभी राहिले.

"हे कायले करते?" त्यानं विचारलं.

"खरं मागणारा आणि खोटं मागणारा ओळखायला."

"आता बी येते का ते? आत्ता?"

"येतात."

"काय म्हणते?"

मी मावशीकडं पाहिलं. मग त्याला म्हणाले, "म्हणतात, हा तुझा भाऊ नाही."

त्यानं घास खाली ठेवला. "मग तू काय म्हणते?"

"मी म्हणते, त्याला कच्चा कांदा पाहिजे असेल. तो कांद्याशिवाय जेवत नाही." आणि मी कांदा ठेवला. तो खाली मान घालून जेवत राहिला. मला वाटलं तो रडतोय, पण ठेचा तिखट होता, त्यामुळं नक्की सांगता येत नाही.

जेवण झाल्यावर तो पुन्हा तेच म्हणाला, जरा हळू. मायला काय सांगू? माय रडून रायली. अमावस्येचं ठरलंय. मावशीनं विचारलं, "हिला इचारलं का कुणी? जायचं का नाय?" त्यानं माझ्याकडं पाहिलं. माझ्या कानात तेव्हा तिघंही एकदम बोलत होते, आणि त्यांच्या वर आवाज चढवून मी म्हणाले, "मी देवऋषीकडं जाणार नाही. घरी येईन, पण माझी मी येईन. दिवाळीला. आणि परत इकडं येईन."

"आन् वाटेत कुठं उतरून गेली, हाका ऐकून, तं?"

तशी मी जाऊ शकते. मावशी म्हणाली, "येईल ती. मी जामीन हाय तिला. नाय आली तर हितं येऊन मला बोल. हे दार दोन्हीकडून उघडं असतं."

तो पाचच्या गाडीनं गेला. एकटा. जाताना मागच्या दाराशी थांबून त्यानं मला हाक मारली, आणि मी वळले तेव्हा त्यानं हाताची पाचही बोटं वर धरलेली होती.

संध्याकाळच्या भाकरीला बसलो तेव्हा मी मावशीला म्हणाले की तू माझ्यावर एवढा भरवसा ठेवायला नको होतास. मीच ठेवत नाही. ती पीठ चाळत म्हणाली, "माझं पण पोरगं असंच नेतो म्हणतंय मला नाशिकला. गुडघे गेले, खानावळ बंद कर, तुझ्यानं नाय व्हायचं. फोनवर नुसतं नेतो, नेतो. मला कुणी इचारलं नाय अजून." आणि चाळणी झटकून उठली.

दिवाळीला मी गेले होते. वाटेत दोनदा उतरावंसं वाटलं, उतरले नाही. आईनं दारात माझ्यावरून मीठ-मिरच्या उतरवल्या, मी उतरवू दिल्या. सातव्या दिवशी परत आले. एवढं मावशीनं माझ्या नावानं दिलेलं वचन मी पाळलं, पण तिचं देणं त्यानं फिटत नाही. पुढची दिवाळी पाळेन की नाही, हेही मला आज सांगता येत नाही.

पण एक मी इथं लिहून ठेवते. मावशीचा मुलगा एक दिवस येईल, गाडी घेऊन, तिचं सामान भरायला. त्या दिवशी मी तवा उतरवून पुढच्या दारात जाईन. माझ्या कानात काहीही चालू असो, त्याला बसवीन, जेवू घालीन, आणि विचारीन, हिला विचारलं का कुणी? ती राहते म्हणाली, तर म्हणेन, राहील ती. मी जामीन आहे.